नऊ किल्ले आणि तुझा राहिलेला निकाल

जना, तुझ्या बाराव्याचं जेवण चांगलं झालं. हे आधी सांगतो, कारण तू असतास तर पहिलं तेच विचारलं असतंस. वालाचं बिरडं होतं, वडे होते, खीर होती. तुझ्या भावांनी अर्धं कोपरी गाव जेवायला घातलं. मी वडा नुसता मोडत बसलो, तेव्हा तुझा धाकटा भाऊ पानाशी वाकून म्हणाला, "मास्तर, खावा ना, त्यांना बरा वाटेल." मी त्याला काय सांगणार? मला तुझा राग आलेला. इतका, की पानावरून उठून सरळ डोंबिवलीला घरी निघावं असं वाटत होतं. माणूस गेल्यावर त्याचा राग येतो हे मला ठाऊकच नव्हतं. माझी बायको, नलिनी, गेली तेव्हा नुसतं रडू आलेलं.

दहाव्याला खाडीवर कावळा लगेच शिवला. पिंड ठेवून आम्ही मागे सरकतोय तोवर दोन कावळे उतरलेही. सगळ्यांचे चेहरे मोकळे झाले. "वकिलांची काय इच्छा राहिली नाय," कोणीतरी म्हणालं, आणि माणसं चपला शोधायला लागली. मी मनातल्या मनात त्या कावळ्यांना शिव्या हासडल्या. त्यांना काय कळतंय? एका गोष्टीचं उत्तर तू मला देणं लागत होतास. शनिवारी देतो म्हणालेलास. तो शनिवार गेला, त्याच्या पुढचाही गेला, आणि खाडीवरची माणसं म्हणतात काही राहिलं नाही.

परवा तुझ्या कोर्टातले एक वकील मला भेटायला आलेले. चहा घेताना त्यांनी विचारलं, "सर, तुम्ही दोघं दर शनिवारी एवढं काय करत होतात?" मी म्हणालो, "कोरियाची सरहद्द सांभाळत होतो." ते हसले. त्यांना वाटलं, म्हातारा दुःखात काहीतरी बरळतोय. मग मी त्यांना सगळं सांगत बसलो, आणि सांगता सांगता माझ्याच लक्षात आलं की हे आता एकट्यालाच सांगावं लागणार. मध्येच "चूक, मास्तर, चूक" म्हणून टेबलावर बोट आपटणारं कोणी उरलं नाही.

सुरुवात मयूरीने केलेली. तुझ्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, फायली वाचायला मनाई होती, आणि लेक घरात कोरियन मालिका बघत बसायची. आधी तू कुरकुरलास. "काय गं, सगळ्यांची तोंडं सारखी, आणि सारखी रडतात." मग एक ऐतिहासिक मालिका लागली, उंच टोप्यांचे दरबारी आणि डोंगरातले किल्ले असलेली, आणि तू तिच्याआधी टीव्हीसमोर बसायला लागलास. एक दिवस मला फोन. "मास्तर, हे गोर्यो म्हणजे कोण? एका अंगाला एक साम्राज्य मरतंय, दुसऱ्या अंगाला दुसरं जन्माला येतंय, मध्ये हे एवढंसं राज्य. हे जिवंत राहिलं कसं?" मी आयुष्यभर कल्याणच्या कॉलेजात इतिहास शिकवला. शिवकाल शिकवला, फ्रेंच राज्यक्रांती शिकवली. कोरियावर मला एक ओळ येत नव्हती. तसं सांगितल्यावर तू शांतपणे म्हणालास, "मग पोरांना शिकवलंस काय एवढी वर्षं?"

त्या एका टोमण्यावर माझं निवृत्तीनंतरचं सगळं आयुष्य उभं राहिलं, जना. हे तुला कधी म्हणालो नाही. नलिनी गेल्यावर मी सकाळी शब्दकोडं सोडवायचो आणि दुपारी कालचं शब्दकोडं तपासायचो. मुलगा फोन करायचा, मी "सगळं ठीक" म्हणायचो. तू मला शनिवार दिलास. तुझ्या टेंभी नाक्यावरच्या त्या कोंदट चेंबरमध्ये, अशिलांच्या बाकावर बसून, मी पुन्हा विद्यार्थी झालो. इंग्रजी पुस्तकं तूच मागवलीस. वाचायचो मी आणि प्रश्न विचारायचास तू. आणि मग आपण ठरवलं की यावर मराठीत एक छोटं पुस्तक करायचं, कारण मराठीत हे कोणी लिहिलेलं नाही आणि लिहिणारही नाही.

त्या वकिलांना मी जे सांगितलं ते असं. बाराव्या शतकाची सुरुवात. गोर्यो म्हणजे तेव्हाचा कोरिया. गोर्योच्या उत्तरेला, यालू नदीपलीकडे, खितानांचं लिआओ साम्राज्य. जुनं, दरारा मोठा, आतून पोखरलेलं. ईशान्येच्या डोंगरांत जुरचेन टोळ्या. गोर्योचे दरबारी त्यांना रानटी म्हणायचे. त्या टोळ्या एक व्हायला लागल्या, गोर्योच्या फौजेला त्यांनी एकदा चांगलंच झोडपलं. मग गोर्योने नवी फौज उभारली, घोडदळ, पायदळ, अगदी भिक्षूंचीसुद्धा पलटण, आणि डोंगरांत घुसून नऊ किल्ले बांधले. खालची माणसं वर नेऊन वसवली. आणि दोनेक वर्षांत ते नऊच्या नऊ किल्ले परत देऊन टाकले. जुरचेनांनी शपथ घेतली की तुमच्या हद्दीत आम्ही साधा कौलाचा तुकडासुद्धा फेकणार नाही. गोर्योची माणसं बाडबिस्तरा उचलून खाली आली. ज्याने किल्ले बांधले त्या सेनापतीला दरबाराने पदावरून काढलं. पुढे थोड्याच वर्षांत त्याच जुरचेनांनी जिन साम्राज्य उभं केलं, लिआओला गिळलं, चीनच्या सुंगांची राजधानी घेतली. गोर्यो राहिलं. लिआओने मदत मागितली तेव्हा गोर्योने टाळाटाळ केली. लिआओ कोसळत असताना यालूच्या काठचं एक तटबंदीचं शहर मात्र अलगद पदरात पाडून घेतलं. शेवटी जिनपुढे मान तुकवली, आणि जिनने त्यांच्यावर स्वारी केली नाही.

तर वाद एवढाच. किल्ले परत दिले ते शहाणपण होतं की नामुष्की?

आणि वाद घालायची तुझी रीत. ठाण्याच्या कोर्टात तू जन्मभर जमिनीचे दावे चालवलेस. भाऊ भावाच्या अंगावर कोयता घेऊन धावलेला, कशासाठी, तर वीतभर बांधासाठी. तू म्हणायचास, "आपल्या अशिलाची बाजू अशीलच ओरडून सांगतो. वकिलाने आधी समोरच्याची केस लढवावी." म्हणून आपला नियम. एकाने सेनापतीची बाजू घ्यायची, दुसऱ्याने दरबाराची. चहा झाला की बाजू बदलायच्या. आणि आपलं खरं मत त्या दिवशी अजिबात सांगायचं नाही. आठवडाभर ते मनात मुरू द्यायचं आणि पुढच्या शनिवारी, खुर्चीत बसल्या बसल्या, दुसरं काही बोलायच्या आत सांगायचं. त्याला तू निकाल म्हणायचास. "लगेच मत दिलं की माणूस आपल्याच आवाजाला भुलतो," असं तुझं म्हणणं.

मला पहिल्यांदा हा पोरखेळ वाटलेला. पण तू दरबाराची बाजू घ्यायचास तेव्हा मी पुस्तक मिटून ऐकत बसायचो. तुझ्या बापाचं मिठागर होतं ना, कोपरीच्या खाडीला. आता तिथे टॉवर उभे आहेत. तू सांगायचास, भरतीचं पाणी बांधाने पूर्ण अडवायला गेलं तर बांधच जातो. म्हणून बाप दार थोडं उघडायचा, थोडं पाणी आत घ्यायचा, मीठ पिकवायचा आणि बांधही राखायचा. "नऊ किल्ले म्हणजे उगाच उंच केलेला बांध, मास्तर. एका किल्ल्यापासून दुसरा लांब, धान्य पोचवायचं कसं? दिले परत, बरं केलं." आणि चहा झाला की तूच उभा राहून, बोट माझ्या छातीवर रोखून, "जी माणसं त्या डोंगरात मेली त्यांच्या बायकांना दरबार काय सांगणार होता? चुकून मेले?" तुझा आवाज दोन्ही वेळा तेवढाच तापायचा. खालचा मिठाईवाला एकदा वर बघायला आलेला, भांडण झालं की काय म्हणून.

नऊ किल्ल्यांवर तू तीन वेगवेगळ्या शनिवारी निकाल दिलास. एकदा शहाणपण. एकदा नामुष्की. तिसऱ्यांदा बसल्या बसल्या म्हणालास, "मला माहीत नाही, आणि तुलाही नाही." मी चिडलो. पुस्तकाचा शेवट त्यावर अडलेला. तेव्हा तू जे बोललास ते मी त्याच दिवशी लिहून ठेवायला हवं होतं, पण ते तसंही विसरलेलो नाही. "किल्ले परत दिले तेव्हा दरबारातल्या एकालाही माहीत नव्हतं की ही डोंगरातली माणसं उद्या बादशहा होणार आहेत. आपल्याला माहीत आहे. निकालपत्र वाचून मग केस लढवतोय आपण. ही लबाडी हाय, मास्तर." तू "हाय" म्हणालास म्हणजे घरचं बोलायला लागलास, म्हणजे मनापासून बोललास, असा माझा एक हिशेब होता. तो तरी बरोबर होता का, कुणास ठाऊक.

नवरात्रात टेंभी नाक्यावर बसणं अशक्य. लाऊडस्पीकरमध्ये स्वतःचा आवाज ऐकू येत नाही. म्हणून दर वर्षी ते दिवस आपण खडवलीला काढायचो, तुझ्या त्या नदीकाठच्या तुकड्यावर. एक खोली, एक आंब्याचं झाड, खाली भातसा. या वर्षी नवरात्र होऊन गेली, दिवाळी होऊन गेली, आणि तू म्हणालास, "या शनिवारी खडवलीलाच जाऊ." मी विचारलं नाही का. थर्मासमध्ये चहा होता आणि तू भाजलेले शेंगदाणे आणलेले. तू एकही खाल्ला नाहीस. मी सगळे संपवले, आणि तुझ्याकडे बघितलंही नाही. तू वाळलेलास, तेही पथ्यपाण्याने असेल असं मी धरून चाललेलो.

चटई टाकून बसलो. मी पुस्तक उघडलं. तू ते मिटून बाजूला ठेवलंस.

"आज नवी केस," तू म्हणालास. "अशील साठी उलटलेला. स्वादुपिंडात गाठ. डॉक्टर म्हणतात, मोठं ऑपरेशन. झालं नीट तर काही वर्षं मिळतील. पण पोट उघडल्यावर काय होईल ते कोणी सांगू शकत नाही. नाही केलं तर थोडे महिने, घरी, आपल्या खाटेवर. मी म्हणतो, करायचं नाही. तू म्हण, करायचं."

"कोण अशील?"

"तू आधी बाजू मांड."

"जना, कोण?"

"मीच रं," तू म्हणालास. "चल, सुरू कर."

मला पाणी प्यावंसं वाटलं आणि ते थर्मासमध्ये नव्हतं, एवढं आठवतंय. मी म्हणालो, असल्या गोष्टीचा खेळ करायचा नसतो. तू म्हणालास, "खेळ कोण करतंय? मला दुसऱ्या कशाने विचार करता येत नाही." मग मी बाजू मांडली. काय मांडली, देव जाणे. मयूरीचं लग्न म्हणालो. पुस्तक म्हणालो. वहिनी म्हणालो. तू प्रत्येकाला उत्तर दिलंस, कोर्टात देतात तसं, आवाज न चढवता. तुझा काका शेवटचे दिवस नळ्यांमध्ये कसा पडून होता ते सांगितलंस. तो पाणी मागायचा आणि त्याला ओल्या कापसाने ओठ पुसून द्यायचे, ते सांगितलंस. "मला माझ्या घरात मरायचंय, मास्तर, आणि तोंडाने पाणी पिऊन." मी म्हणालो, पुरे. तू म्हणालास, "अजून चहा व्हायचाय."

चहा झाला. बाजू बदलल्या.

तू उठून उभा राहिलास. धोतर नेसणाऱ्या तुझ्या बापासारखा, पाय रोवून. "जो किल्ला अजून पडलेला नाही, तो आधीच चाव्यांसकट देऊन टाकायचा? मला मयूरीचं लेकरू बघायचंय. त्याला खाडीवर न्यायचंय, चिखलात उड्या मारणाऱ्या निवट्या दाखवायच्यायत. तुझं ते रडकं पुस्तक छापलेलं बघायचंय. नळ्यांना भिऊन हे सगळं सोडू? भीती वाटते म्हणून हद्द मागे घेणारा मी नाय." असं बरंच बोललास. तुला धाप लागली तरी बोलत राहिलास. आता मला तुझ्या विरुद्ध बोलायचं होतं. मी तोंड उघडलं आणि एवढंच म्हणालो, "तुला फार त्रास होईल, जना."

तू वाट बघितलीस. मग हसलास. "एवढंच? विरोधी पक्ष कमजोर आहे."

स्टेशनवर गाडीची वाट बघताना मी विचारलं, "खरं सांग. काय ठरवलंयस?"

"शनिवारी," तू म्हणालास. "नियम म्हणजे नियम."

तुला मी त्याच वेळी धरून हलवायला हवं होतं. पण असली शिस्त आपण दोघांनीच लावून घेतलेली, आणि मीही मूर्खासारखा ती पाळली.

तो आठवडा मी माझा निकाल घेऊन बसलो. तो तयार व्हायला आठवडा लागलाच नाही. पहिल्याच संध्याकाळी तयार होता. कर, जना. ऑपरेशन कर. त्याच्यामागे मुद्दा एकही नव्हता. मला एकट्याला शनिवार नको होते, एवढंच कारण. असल्या निकालाला तू कोर्टात उभं राहू दिलं नसतंस.

शुक्रवारी तुझा फोन आला. "उद्या ॲडमिट होतोय. लवकरची तारीख मिळाली."

"म्हणजे निकाल कळला."

"कसा काय? तारीख मिळाली म्हणजे निकाल लागला, असं कुठल्या कोर्टात असतं? उद्या ये. सांगतो."

मी आलो. तुझ्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. भाऊ, भावजया, पुतणे, कोणीतरी देवीचा अंगारा आणलेला, कोणीतरी नारळ. वहिनी उशाशी बसलेल्या, मयूरी फायली घेऊन आतबाहेर करत होती. मी वाकलो. तू माझा हात धरलास. तुझी बोटं गार होती. "इथे नको," तू कानात म्हणालास. "गर्दी हाय. शुद्धीवर आलो की पहिला तुला सांगतो. तोवर तुझा तयार ठेव."

"माझा तयार आहे," मी म्हणालो.

"मग दाबून ठेव," म्हणालास आणि भावाकडे वळून त्याच्याशी गाईच्या गोठ्याचं काहीतरी बोलायला लागलास. तेच आपलं शेवटचं बोलणं, जना. त्यात निरोप नव्हता आणि निकालही नव्हता, नुसती तहकुबी होती.

पुढचं तुला माहीत नाही, म्हणून सांगतो. ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी त्यांच्याकडून सगळं केलं, हे मी बघितलंय. पण पोटात जंतू पसरले. तू त्या काचेच्या पलीकडे पडून होतास, तोंडात नळी, हातात नळी. मयूरी म्हणते, एकदा तू डोळे उघडलेस आणि बोटं हलवलीस. तिला वाटलं, तू तिला बोलावतोयस. मला ते ऐकून तुझा काका आठवला आणि तो ओला कापूस आठवला, आणि मी बाहेर जिन्यात जाऊन बसलो. तुला जे नको होतं म्हणून तू खडवलीला सांगितलंस, ते सगळं तसंच तुझ्या वाट्याला आलं. ते तू खरं सांगत होतास की नुसती बाजू मांडत होतास, हे मला त्या जिन्यात बसूनही कळलं नाही.

पुस्तक आता होणार नाही. मयूरी म्हणाली, "काका, बाबांसाठी पूर्ण करा ना." मी हो म्हणालो. पण बसलो की दोन ओळींत थांबतो. सेनापतीची बाजू लिहितो आणि दरबाराकडून कोणी उठत नाही. आणि ते तुझं निकालपत्राचं बोलणं आडवं येतं. तू वाचला असतास, तर सगळे म्हणाले असते, बघा, धीराने ऑपरेशन केलं. तू गेलास, म्हणून आता तुझ्या चुलतभावापासून माझ्या शेजाऱ्यापर्यंत सगळे म्हणतात, या वयात कशाला केलं. मला त्यांच्या थोबाडीत मारावीशी वाटते, आणि मनातून मीही तेच म्हणत असतो.

बाराव्याचं जेवण झाल्यावर वहिनींनी मला आतल्या खोलीत बोलावलं. दार लोटून घेतलं. त्यांनी दिवसभर काही खाल्लं नव्हतं, हे मयूरीने मला आधीच सांगितलेलं. दिवसभरच कशाला, तू गेल्यापासून चहा आणि एखादं बिस्कीट, एवढ्यावर होत्या. त्या खाटेवर बसल्या, मी खुर्चीवर.

"भाऊजी, एक विचारू? खरा सांगा."

"विचारा ना."

"मी लय मागे लागले त्यांच्या. करा, करा, करा. मयूरी रडली. आधी गप्प होते, बोलतच नव्हते. मग एकदम म्हणाले, ठीक हाय, करू. सही पण मीच केली." त्यांनी पदराची कड बोटाला गुंडाळली, सोडली, परत गुंडाळली. "त्यांना पाहिजे होता का, भाऊजी? की आमच्यासाठी गेले? लोक म्हणतात कावळा लगेच शिवला, काय राहिला नाय. मला नाय पटत."

मी विचारलं, "तुम्हाला तो काहीच म्हणाला नाही?"

"न्यायच्या आधी मी विचारला होता. म्हटलं, मनातलं खरं सांगा, अजून वेळ हाय, नको असेल तर आपण घरी जाऊ. तर हसले. म्हणाले, माझ्या मनात काय हाय ते मास्तरला बरोबर कळलंय. त्याला विचार."

मला वाटलं, माझ्या ऐकण्यात काही चूक झाली. मी त्यांना परत सांगायला लावलं. त्यांनी परत तेच सांगितलं, शब्दाला शब्द.

कळलंय, जना? मला? मी तिथे बसून पुन्हा खडवलीला गेलो. पाण्याचं बोललास तेव्हा तुझा आवाज बसला होता का? की निवट्यांचं बोललास तेव्हा? उभा राहिलास ते मनापासून होतं, की वकील उभा राहूनच बोलतो म्हणून? "हाय" कुठे म्हणालास, "नाय" कुठे म्हणालास? सगळं आठवतंय आणि कशाचाच उपयोग नाही. तू दोन्ही बाजू सारखाच जीव ओतून मांडल्यास. त्याच कलेवर तू पोट भरलंस आणि त्याच कलेने मला असं उघड्यावर टाकलंस. "तुला त्रास होईल" असं मी म्हणालो, ते तुला उत्तर वाटलं का? माझ्या त्या एका ओळीवरून तुला वाटलं की मला कळलं? काय कळलं, हे तरी सांगून जायचंस.

वहिनी माझ्याकडे बघत होत्या. बाहेर भांडी घासायचा आवाज येत होता.

"हो, वहिनी," मी म्हणालो. "त्यालाच करायचं होतं. तुम्ही दोघींनी हट्ट धरला नसतात तरी त्याने केलंच असतं. खडवलीला मला म्हणालेला, भिऊन मागे सरणारा मी नाय."

"असा म्हणाले?"

"असंच म्हणाला. उभा राहून."

त्या खूप वेळ रडल्या. मग त्यांनी तोंड पुसलं, दार उघडलं आणि मयूरीला हाक मारली. "मला वाढ गं थोडा." मयूरीने माझ्याकडे बघितलं, मी दुसरीकडे बघितलं. वहिनी तिथेच जमिनीवर मांडी घालून जेवल्या. वडा मोडून बिरड्याशी खाल्ला, खीर मागून घेतली. मी त्यांचं जेवण होईपर्यंत थांबलो.

आता त्या तेच धरून राहतील. मयूरीला सांगतील, दिरांना सांगतील, कोणी विचारलं तर छातीठोकपणे सांगतील, मास्तरांनी स्वतः सांगितलं. मला ते मागे घेता येणार नाही. घ्यायचंही नाही. पण ते शब्द तू ज्या वेळी म्हणालास त्या वेळी ते तुझे नव्हते, चहानंतर तुझ्या वाट्याला आलेल्या बाजूचे होते, हे फक्त मला माहीत आहे. मी तुझा निकाल म्हणून माझा निकाल सांगून आलो, जना. तोच, जो तू दाबून ठेव म्हणालेलास.

तू गेलास त्याचं दुःख मी सहन करीन, दुसरं करणार काय? पण ऑपरेशनला नेताना तू निश्चिंत होतास असं वहिनी म्हणतात. हसत होतास म्हणे. आपल्या मनातलं एका माणसाला कळलंय, या भरवशावर तू त्या दारातून आत गेलास. मला काही कळलेलं नव्हतं.